गोळी शंभर वर्षांपूर्वीच सापडली, पुढचं संशोधन कोण करणार?

फेनोबार्बिटल फिट्सवर चालतं हे १९१२ साली कळलं, आणि तेही ओघात. जर्मनीत फ्रायबर्गच्या मनोरुग्णालयात आल्फ्रेड हाउप्टमान नावाचा तरुण डॉक्टर हे नवं औषध रुग्णांना झोप लागावी म्हणून देत होता. ज्यांना अपस्मार होता त्यांच्या फिट्सही कमी झाल्या. त्याने ते टिपलं आणि छापलं. (पुढे ज्यू म्हणून याच माणसाची नोकरी नाझींनी काढून घेतली आणि त्याला अमेरिका गाठावी लागली.) आज ही गोळी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. अपस्मारावर रोज घ्यायच्या औषधाचा वर्षाचा खर्च ५ डॉलरइतका कमी असू शकतो, असं हीच संघटना सांगते.

तिचेच आणखी काही आकडे पाहा. जगात अपस्माराचे सुमारे ५ कोटी रुग्ण आहेत, त्यातले जवळपास ८० टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. वेळेवर निदान आणि नीट औषध मिळालं तर ७० टक्क्यांपर्यंत लोक एकही फिट न येता जगू शकतात. पण गरीब देशांत चारांतल्या तिघांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. भारतात रुग्णसंख्या १ कोटीच्या आसपास धरतात. शहरात उपचारांची स्थिती बरी आहे. पण ग्रामीण भागातल्या अनेक पाहण्यांत निम्म्याहून जास्त रुग्ण औषधाविना सापडले आहेत.

या शंभर वर्षांच्या अंतराला आपण ‘अंमलबजावणीतल्या त्रुटी’ म्हणतो आणि आरोग्य खात्याच्या दारात टाकून मोकळे होतो. मला ते मान्य नाही. गोळी आणि रुग्ण यांच्यामधलं अंतर हा मेंदूच्या संशोधनाचाच विषय आहे. त्याला प्रयोगशाळेतल्या कामाइतका पैसा, तितकी हुशार माणसं आणि तितकाच मान मिळायला हवा. आपल्या देशात तर आधी.

मेंदूसंशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? कवटीत बसवलेली चिप, लाखो पेशींचा रंगीत नकाशा, संगणकात उभा केलेला मेंदू. अमेरिकेने २०१३ साली ‘ब्रेन इनिशिएटिव्ह’ जाहीर केला. त्याच वर्षी युरोपने दहा वर्षांचा ‘ह्यूमन ब्रेन प्रोजेक्ट’ हाती घेतला आणि तो २०२३ मध्ये आटोपला. त्याच्या घोषणेत अख्ख्या मेंदूची संगणकीय प्रतिकृती होती, हातात पुष्कळ उपयुक्त साधनं आली, प्रतिकृती काही आली नाही. आपल्याकडे आयआयटी मद्रासने मानवी गर्भाच्या मेंदूचा पेशींच्या पातळीपर्यंत जाणारा नकाशा २०२४ च्या अखेरीस जगासाठी खुला केला. हे काम थोर आहे, आणि त्याला नाकं मुरडणाऱ्यांतला मी नाही. हाउप्टमानला तरी आधी कुठे ठाऊक होतं, की झोपेचं औषध फिट्स थांबवेल! मूलभूत संशोधन कुठून कुठे जाईल याचा हिशेब कारकुनी पद्धतीने मांडता येत नाही.

पण उधारीचा हिशेब मात्र मांडता येतो. मेंदूबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातला मोठा भाग अपस्माराच्या रुग्णांकडून आलेला आहे. मॉन्ट्रिअलला वाइल्डर पेनफिल्ड रुग्णाला जागं ठेवून मेंदूवर शस्त्रक्रिया करत. विजेच्या हलक्या स्पर्शाने कुठे बोट हलतं, कुठे ओठ, कुठे जुनं गाणं ऐकू येतं, ते रुग्णच त्यांना सांगत. मेंदूच्या बाह्यकाचा, म्हणजे वरच्या थराचा, जो नकाशा वैद्यकीचा प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो, तो या लोकांनी टेबलावर पडल्यापडल्या काढून दिलेला आहे. रॉजर स्पेरी यांना १९८१ चं नोबेल मिळालं ते मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या कामासाठी. त्यांनी अभ्यासलेल्या माणसांचे अर्धगोल फिट्स आटोक्यात याव्यात म्हणून शस्त्रक्रियेने वेगळे केलेले होते. आणि हेन्री मोलेसन. १९५३ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, फिट्स थांबाव्यात म्हणून त्याच्या मेंदूचा आतला भाग दोन्ही बाजूंनी काढला गेला. फिट्स कमी झाल्या, पण त्यानंतर भेटलेलं माणूस, वाचलेलं पान, काहीच त्याच्या लक्षात राहीना. पुढची पन्नासहून अधिक वर्षं, २००८ साली मरेपर्यंत, तो शास्त्रज्ञांच्या चाचण्या देत राहिला, आणि दर वेळी त्यांना नव्याने भेटत राहिला. स्मृती मेंदूत कुठे आणि कशी घडते, या विषयाचा पाया त्याच्यावर उभा आहे.

इतकं देणं असलेल्या आजाराच्या वाट्याला परत काय आलं, हा प्रश्न विचारायला हरकत नसावी.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यात आहे. १९३० च्या दशकात ब्रिटिश लष्करातल्या डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसू लागली. हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्या धडधाकट सोजिरांना, घरात कुणाला असा आजार नसताना, मायदेशी गेल्यावर काही वर्षांनी फिट्स सुरू व्हायच्या. काहींवर ढोंगाचा किंवा वेडाचा शिक्का बसला. कर्नल विल्यम मॅकआर्थर यांनी पाठपुरावा केला. मांडीचा एक्स-रे काढला की स्नायूंत तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे कण दिसत. डुकराच्या मांसातून माणसात येणाऱ्या पट्टकृमीची (टेपवर्मची) अंडी पोटात गेली की त्यातल्या अळ्या रक्तातून शरीरभर पसरतात, स्नायूंत बसतात, मेंदूतही बसतात. मेंदूत बसलेली अळी वर्षानुवर्षं गप्प राहते, आणि मरायला लागली की भोवती सूज येऊन फिट येते. १९६१ साली डिक्सन आणि लिप्सकम या डॉक्टरांनी अशा ४५० रुग्णांचा अभ्यास छापला. त्यातले बहुतेक हिंदुस्थानात राहून गेलेले होते.

म्हणजे रोग इथला, पण त्याचा जाडजूड अभ्यास झाला तो परत गेलेल्या साहेबांवर. इथेच जन्मून इथेच मेलेल्यांचा हिशेब तेव्हा कुणी मांडला?

तो मांडला गेला वेल्लोरला, पुढे पंचवीस-तीस वर्षांनी. सीटी स्कॅन भारतात रुळू लागल्यावर डॉक्टरांना फिट्सच्या रुग्णांत एक ठरावीक चित्र दिसायला लागलं: मेंदूत एकच, दोन सेंटिमीटरहून लहान, रंगद्रव्य टोचल्यावर उजळणारं कडं. आपल्या देशात असं काही दिसलं की पहिला संशय क्षयावर जातो, आणि तो गैर नाही. त्यामुळे रुग्णाला क्षयाची औषधं सुरू व्हायची, महिनोन् महिने. काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन काढला की ठिपका गेलेला असायचा. औषध लागू पडलं, सगळे खूश. शंका कुणी घ्यायची? पण औषध न घेतलेल्यांचाही ठिपका जातच होता. काहींची मात्र गाठ समजून कवटी उघडली जायची.

ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधले मॅथ्यू चांडी, वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ठिपके काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आत क्षयाचे जंतू नव्हते, मरत आलेल्या अळ्या होत्या. हे त्यांनी १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. पुढे साधे निकष बसवून दिले: ठिपका एकच आहे, लहान आहे, मेंदूवर दाब नाही, शक्ती कमी होत चाललेली नाही, शरीरात दुसरा आजार दिसत नाही, तर घाई नको. फिट्सचं औषध द्या, काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करा. या एका कामाने किती जणांची क्षयाची औषधं आणि किती जणांची कवटी वाचली असेल, कल्पना करा. त्यासाठी महासंगणक लागला नाही. लागले ते आपल्याच वॉर्डात रोज दिसणाऱ्या गोष्टीवर शंका घेणारे डॉक्टर, आणि त्यांना शंका घ्यायची उसंत देणारी संस्था.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो: रोगाचं कारण शोधणं हे विज्ञान झालं, गोळ्या वाटणं, लोकांना त्या घ्यायला लावणं हे प्रशासन. त्याला संशोधनाची शाल कशाला पांघरता?

कर्नाटकातल्या येळंदूर तालुक्यात के. एस. मणी आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात जे केलं ते मग काय होतं? गावोगाव फिरून रुग्ण शोधले आणि फेनोबार्बिटल किंवा फेनिटोइन ही दोनच स्वस्त औषधं देऊन त्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २००१ साली हा अभ्यासही ‘लॅन्सेट’मध्येच आला. ईईजीच्या (मेंदूतल्या विजेच्या आलेखाच्या) खोलीत बसून न दिसणारी गोष्ट त्यातून दिसली: नियमित औषध घेणाऱ्यांतले बरेच जण फिट्समुक्त होऊ शकतात, आणि उपचारापूर्वी ज्यांना थोड्या फिट्स येऊन गेल्या त्यांचं नशीब पुष्कळ फिट्स येऊन गेलेल्यांपेक्षा चांगलं असतं. थोडक्यात, भगताकडे घालवलेली वर्षं नुसती वाया जात नाहीत, पुढचं बरं होणंही अवघड करतात. हे मेंदूबद्दलचंच ज्ञान आहे, आणि ते गावात गेल्याशिवाय मिळालं नसतं.

आपल्याजवळचंच उदाहरण हवं तर गडचिरोलीचं आहे. तिथल्या ‘सर्च’ या संस्थेत काम करणारे न्यूरॉलॉजिस्ट योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांत मृत्यूची कारणं घरोघरी जाऊन नोंदवली. २०१५ साली छापलेला निष्कर्ष असा, की तिथे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण पक्षाघात होतं. सातातला एक मृत्यू त्याचा. गडचिरोली म्हटलं की मलेरिया आणि कुपोषण एवढंच सुचणाऱ्या आपल्यासारख्यांना हा धक्काच होता. मोजायला माणूस गेला नसता तर तो बसलाही नसता.

मग अपस्माराच्या बाबतीत कोणते प्रश्न उत्तराची वाट पाहताहेत? प्रश्न अवघड आहेत, आणि त्यांची सुरुवात निदानापासून होते. फिट डॉक्टरसमोर क्वचितच येते. ओपीडीत येते ती हकिगत, आणि तीही दुसऱ्याची. रुग्णाला काही आठवत नसतं. सासू सांगते ‘डोळे पांढरे केले’, भाऊ सांगतो ‘नुसतीच टक लावून बघत होती, हाक मारली तर ओ नाही’. आधी कुठला हात वाकडा झाला, मान कुठे वळली, जीभ चावली का, कपडे ओले झाले का, शुद्धीवर यायला किती वेळ लागला, यावर निदान ठरतं. चांगला डॉक्टर दहा मिनिटं फक्त हेच विचारतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात समोर शंभरची रांग असलेल्या मेडिकल ऑफिसरकडे ती दहा मिनिटं कुठून येणार? घरच्यांनी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ त्या हकिगतीपेक्षा कितीतरी बोलका असतो. तो आशाताईने पाठवला आणि तालुक्याला बसलेल्या डॉक्टरने पाहिला, तर निदान किती अचूक होतं? चक्कर, मानसिक ताणातून येणारे झटके आणि खरी फिट यांत गल्लत किती होते? हे मोजता येण्यासारखं आहे. देशात न्यूरॉलॉजिस्ट मोजकेच काही हजार आहेत, आणि बहुतेक मोठ्या शहरांत. कर्नाटकाने बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकारांच्या संस्थेला सोबत घेऊन २०२२ पासून प्राथमिक केंद्रांतल्या डॉक्टरांना मेंदूच्या आजारांचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. महाराष्ट्राने हे अजून मोठ्या प्रमाणावर का करू नये?

निदान झाल्यावर औषधाचा प्रश्न येतो. ही गोळी चुकवून चालत नाही. अचानक बंद केली तर फिटमागून फिट येऊन जिवावर बेतू शकतं. तरी केंद्रात साठा संपला की ‘पुढच्या आठवड्यात या’ हे ठरलेलं उत्तर. फेनोबार्बिटल मनोप्रभावी पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय यादीत असल्याने खरेदीच्या कागदपत्रांचा घोळ निराळा. केमिस्टला त्यात नफा नाही, कंपनीला रस नाही. रोजंदारीवरचा माणूस पंधरा दिवसांच्या गोळ्यांसाठी एक दिवसाची मजुरी बुडवतो, दोनदा रिकामा परततो आणि तिसऱ्यांदा जात नाही. डॉक्टर केसपेपरवर लिहितात: ‘अनियमित’.

लग्नाचं तर विचारूच नका. १९७६ च्या दुरुस्तीपासून हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणाऱ्या वेडाच्या झटक्यांच्या पंक्तीला अपस्माराचे झटके बसवलेले होते. अशी व्यक्ती विवाहास अपात्र. संसदेने ते १९९९ साली काढलं. कायदा सुधारला, स्थळं बघणाऱ्यांची नजर नाही. मुलीच्या फिट्स लपवल्या जातात. गोळ्या तिच्या बॅगेत तळाशी ‘व्हिटॅमिन’ म्हणून सासरी जातात, आणि संपल्या की मागवायच्या कुणाकडून? त्यात ती गोळी व्हॅलप्रोएट असेल तर धोका दुहेरी. गर्भावर त्याचे दुष्परिणाम सिद्ध आहेत: जन्मजात व्यंगं वाढतात आणि मुलांच्या बुद्ध्यांकावरही परिणाम होतो. म्हणजे गोळी सोडावी तर आईला फिट, चालू ठेवावी तर बाळाला अपाय. लग्नाआधीच औषध बदलून देणारं कुणी भेटलं असतं तर ही वेळ आली नसती. तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत संजीव थॉमस यांनी १९९८ साली अपस्मार असलेल्या गर्भवतींची नोंदवही सुरू केली. कोणत्या औषधावरच्या आईचं बाळ कसं निघालं, याचं आपल्या लोकांबद्दलचं उत्तर तिच्यामुळे मिळतं. अशी नोंदवही प्रत्येक मोठ्या राज्यात हवी. तिला सायक्लोट्रॉनसारखं अवाढव्य यंत्र लागत नाही.

भगताकडे जाणाऱ्यांना आपण सुशिक्षित लोक पटकन हसतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं, चपलेचं पाणी पाजणं हे गुन्हे ठरवले आणि ते योग्यच झालं. पण भर रस्त्यात कुणाला फिट आली की कांदा किंवा चप्पल घेऊन धावणाऱ्यांत पदवीधरही असतात. (कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा; पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठा. बाकी काही करायचं नसतं.) भगत निदान रुग्णाला वेळ देतो, घरच्यांचं ऐकून घेतो, आणि त्याच्याकडचा साठा संपत नाही. माणसं त्याच्याकडे का जातात याचा नीट अभ्यास केला, तर आपल्या ओपीडीत काय कमी आहे तेही कळेल.

आणि शेवटी पट्टकृमी. हा अपस्मार टाळता येण्याजोगा आहे. माळकऱ्याच्या घरातही तो होतो, कारण अंडी येतात ती कृमी पोटात असलेल्या माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातांतून, कच्च्या भाजीतून. न्यूयॉर्कमध्ये डुकराला न शिवणाऱ्या सनातनी ज्यूंमध्येही तो सापडला आणि १९९२ साली त्याचा शोधनिबंध आला. डुकरांना लस टोचली, माणसांना आणि डुकरांना औषध दिलं, तर प्रसार थांबवता येतो हे पेरूच्या टुंबेस प्रांतात दाखवून झालं आहे. ती डुकरांची लस बाजारासाठी तयार होते कुठे? हैदराबादेत, इंडियन इम्युनॉलॉजिकल्समध्ये. मग आपल्याकडे अडतंय कुठे? या रोगाने डुकराला सहसा काही होत नाही, म्हणून पशुसंवर्धनाला घाई नाही. आरोग्य खातं म्हणणार, डुक्कर आमच्या अखत्यारीत नाही. संडास ग्रामविकासाकडे, आणि फिट येणारं पोर मेडिकल कॉलेजकडे.

सगळं काही जुन्या गोळीने भागेल असंही नाही. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या फिट्स औषधांना दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी नवी औषधं, जनुकांचा अभ्यास, शस्त्रक्रिया हवी. श्रीचित्राने १९९५ पासून अशा शस्त्रक्रियांचा कार्यक्रम उभा करून दाखवला, पाश्चात्त्य देशांच्या मानाने फार थोड्या खर्चात. पण औषध दाद देत नाही हे ठरवायला आधी ते सलग मिळालेलं असावं लागतं. ज्याला सहा महिन्यांत तीनदा साठा संपल्यामुळे गोळी चुकली, त्याला ‘औषधरोधी’ म्हणायचं की नाही, हे कुठलंही एमआरआय सांगू शकत नाही.

जागतिक आरोग्य सभेने २०२२ साली अपस्मार आणि इतर मेंदूविकारांसाठी २०३१ पर्यंतचा कृती आराखडा मंजूर केला. अपस्माराच्या सेवांची व्याप्ती २०२१ च्या तुलनेत ५० टक्क्यांनी वाढवणं हे त्यातलं एक उद्दिष्ट. रुग्णांच्या हक्कांचे कायदे सुधारणं हे दुसरं. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहेत, अपस्मार नाही. वाहन परवान्याच्या अर्जात अजून सरसकट विचारतात, तुम्हाला अपस्मार आहे का. शेवटची फिट कधी आली होती हे विचारत नाहीत. ब्रिटनमध्ये वर्षभर फिट नसेल तर मोटार चालवायची परवानगी मिळते. इथे दहा वर्षं फिट न आलेला माणूस एक तर खोटं लिहितो, नाही तर परवान्यावर पाणी सोडतो. आपल्या रस्त्यांवर किती काळ फिट नसणं पुरेसं सुरक्षित, हे कुणीतरी आपल्या रुग्णांवर अभ्यासून सांगायला हवं. वेल्लोर, येळंदूर आणि गडचिरोलीत झालं तशा जातीचं हे काम आहे, आणि मेंदूसंशोधनाच्या पुढच्या निधीवाटपात त्याच्यासाठी वेगळी रक्कम काढून ठेवायला हवी.